ओळखीचा आवाज, ओळखीचा चेहरा, तरीही माणूस परका

समोरचा माणूस खरंच तोच आहे का, हे आपण आजवर तीन गोष्टींवरून ठरवत आलो: त्याचा चेहरा, त्याचा आवाज आणि त्याच्याजवळचा कागद. एआयमुळे या तिन्ही गोष्टी आता घरबसल्या, किरकोळ खर्चात बनवता येतात. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई नावाचं मॉडेल दाखवलं. कुणाच्या आवाजाचा तीन सेकंदांचा तुकडा दिला की ते त्याच आवाजात हवं ते वाक्य बोलायचं. त्याच वर्षी जुलैमध्ये केरळात कोझिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. चेहरा सहकाऱ्याचाच होता, बोलणंही पटण्यासारखं होतं, आणि ४०,००० रुपये गेले. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपल्या वरिष्ठांना 'पाहिलं' आणि १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्या मीटिंगमधले बाकी सगळे चेहरे बनावट होते.

ठाणे आणि नवी मुंबईत याला लागणारा कच्चा माल भरपूर पडलेला आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत भाड्याची घरं आहेत, म्हणजे आधार-पॅनच्या प्रती एजंट, सोसायटी ऑफिस आणि झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमधून फिरत असतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात, आणि आईवडील नौपाड्यात किंवा नेरुळला एकटे. गणेशोत्सवात सूत्रसंचालन केल्याचे व्हिडिओ सोसायटीच्या यूट्यूब चॅनलवर, नावासकट.

आमचं सांगणं एकच आहे. चेहरा आणि आवाज बघून खात्री करायची सवय सोडा. संपर्क कुठल्या वाटेने आला आणि तो तुम्ही स्वतः पडताळू शकता का, हे बघा. बँकाही आता त्याच दिशेने चालल्या आहेत.

आवाज

आवाजाची नक्कल करणारं मॉडेल आधी त्या आवाजाचं मोजमाप घेतं: पट्टी, घोगरेपणा, बोलण्याचा वेग, श्वास कुठे घेतला जातो. हे सगळं आकड्यांच्या एका ओळीत बसतं. मग कुठलंही वाक्य त्या आकड्यांच्या आधारे त्याच आवाजात बोलवता येतं. यात दोन प्रकार आहेत. एकात भामटा वाक्य टाइप करतो आणि मॉडेल ते बोलतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नानंतर उत्तराला दीड-दोन सेकंद लागतात. दुसऱ्यात भामटा स्वतः बोलतो आणि त्याचा आवाज चालू कॉलमध्येच बदलला जातो. तिथे हा उशीर जवळजवळ जाणवत नाही.

'यांत्रिक वाटतंय का ते नीट ऐका' हा सल्ला अजूनही दिला जातो. तो आता उपयोगाचा नाही, आणि त्यामागे साधं कारण आहे. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. बनावट आवाजातल्या बारीक खोडी बऱ्याचदा त्याच्या वरच्या भागात असतात. फोनच त्या कापून टाकतो. भामट्याने मागे रहदारीचा गोंगाट लावला की उरलेल्याही झाकल्या जातात.

मराठीत एक फट अजून कधीकधी सापडते. बरीच मॉडेल्स हिंदी आणि इंग्रजीवर जास्त पोसलेली आहेत, त्यामुळे 'चाक'मधला च किंवा 'माझं'मधला झ हिंदी वळणाने येतो, आणि 'ळ' गुळगुळीत होतो. घरचं माणूस असं बोलत नाही, हे कानाला लगेच खटकतं. खटकलं तर फोन ठेवा. पण उच्चार बरोबर आले म्हणून खात्री झाली, असं मात्र धरू नका. ही फट दर वर्षी बुजत चालली आहे.

आता प्रत्यक्ष फोन कसा असतो ते बघा. "आई, अगं मी बोलतोय. माझा फोन पडला, बंद आहे, मित्राच्या नंबरवरून करतोय. अ‍ॅडमिट करून घेत नाहीयेत, आधी पैसे भरायला लागतील. बाबांना आत्ता सांगू नकोस, त्यांचं बीपी वाढेल." या चार वाक्यांत प्रत्येक वाक्याला काम आहे. 'माझा फोन बंद' म्हणजे मुलाच्या खऱ्या नंबरावर तुम्ही फोन लावायचा नाही. 'अ‍ॅडमिट करत नाहीत' म्हणजे विचार करायला वेळ नाही. 'बाबांना सांगू नकोस' म्हणजे दुसऱ्या माणसाचं डोकं यात यायला नको. आवाजाची नक्कल फक्त दार उघडून देते. खरी फसवणूक घडते ती पडताळणीच्या वाटा बंद केल्यामुळे.

म्हणून उलट करायचं. "थांब, मी तुला फोन करते" म्हणून ठेवायचं आणि मुलाचा सेव्ह केलेला नंबर आपल्या हाताने लावायचा. आलेल्या कॉलवर परत डायल करायचं नाही. लागला नाही तर सुनेला, रूममेटला, ऑफिसला. तीनही लागले नाहीत आणि तोच माणूस पुन्हा बोलायला आला, तर त्याला असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर कुठल्याही पोस्टमध्ये नाही. घरात एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवणं चांगलंच, पण तो समोरासमोर बसून ठरवायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. एकाचं व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं की तो शब्द गेला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून घेतला तर खातं पळवणंही अवघड होतं.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनलाही हाच नियम. रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवहारासंबंधीच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरायला सांगितलं आहे. दहा आकडी मोबाइलवरून कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाला की ठेवून द्या आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला अधिकारी 'डिजिटल अरेस्ट' करत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: भारतीय कायद्यात अशी अटक नाही. गणवेश, मागचं पोलीस ठाणं, टेबलावरचा झेंडा, सगळं बनवता येतं.

चेहरा

बँकेचं खातं घरबसल्या उघडताना जी व्हिडिओ केवायसी होते, तिला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली. तिला फसवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिला मार्ग कॅमेऱ्यासमोरचा: छापील फोटो, दुसऱ्या स्क्रीनवर चालवलेला व्हिडिओ, सिलिकॉनचा मुखवटा. हे ओळखायला जिवंतपणाची तपासणी असते. डोळे मिचकावा, मान डावीकडे वळवा, असं सांगणारी सक्रिय. आणि तुमच्या नकळत त्वचेचा पोत, स्क्रीनवरून येणाऱ्या जाळीदार रेषा, चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचं परावर्तन बघणारी निष्क्रिय. काही अ‍ॅप सेल्फी घेताना क्षणभर स्क्रीनचा रंग बदलतात. तो रंग नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर बरोबर उमटला का, हे तपासलं जातं. अशा तपासण्यांची कसोटी घेण्यासाठी आयएसओ ३०१०७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

दुसरा मार्ग जास्त धोकादायक, कारण त्यात कॅमेराच वगळला जातो. फोनमध्ये किंवा संगणकावर आभासी कॅमेरा बसवतात आणि एआयने बनवलेला चेहरा थेट अ‍ॅपच्या आत ओततात. चित्र आतच घुसवलेलं असल्यामुळे स्क्रीनच्या रेषा दिसत नाहीत, मुखवट्याची कड दिसत नाही. मान वळवा म्हटलं तर तो चेहरा मानही वळवतो. इथे चेहऱ्याचा कितीही बारकाईने अभ्यास केला तरी पुरत नाही. अ‍ॅपला विचारावं लागतं ते वेगळंच: हा फोन रूट केलेला, म्हणजे कंपनीची सुरक्षा-कुलपं काढून टाकलेला आहे का, अ‍ॅपमध्ये फेरफार झाला आहे का, ही फ्रेम खऱ्या कॅमेऱ्याच्या चिपमधून आली का? रूट केलेल्या किंवा डेव्हलपर मोड चालू असलेल्या फोनवर बँकेचं अ‍ॅप अडून बसतं ते याचसाठी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही चेहऱ्याभोवती बरीच कुंपणं आहेत. कॉलवर बँकेचाच प्रशिक्षित कर्मचारी हवा. ग्राहक भारतात आहे हे जिओ-टॅगने दिसायला हवं. प्रश्नांचा क्रम बदलता हवा, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालत नाही. शिवाय खातं चालू होण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने ते रेकॉर्डिंग तपासायला हवं. कुणी व्हिडिओ केवायसी करताना "मी सांगतो ते म्हण" असं बाजूला बसून सांगत असेल तर तिथेच थांबा. ते खातं तुमच्या नावावर उघडलं जाईल आणि वापरणारा दुसराच असेल.

घरगुती व्हिडिओ कॉलवर शंका आली तर समोरच्याला पूर्ण बाजूला वळायला सांगा, आडवा हात चेहऱ्यावरून सावकाश फिरवायला सांगा. चेहरा बदलणारी मॉडेल्स समोरून बघण्याला सरावलेली असतात. कानापर्यंत वळलं किंवा बोटं मध्ये आली की गाल हलतो, चष्म्याची काडी गायब होते. यात कुणी नापास झाला तर तो खोटा. पास झाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मग पुन्हा तेच: कॉल ठेवा, आपण लावा.

कागद

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीने नव्याने दिलेली चित्रं बनवायची सोय वापरून लोकांनी बनावट आधार आणि पॅन कार्डं तयार करून दाखवली. छपाई, अशोकस्तंभ, अक्षरांची ठेवण, सगळं खऱ्यासारखं. 'कार्ड नीट निरखून बघा' हा सल्लाही तेव्हाच संपला.

आकड्यांवरून थोडंफार कळतं. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ वरून गणिताने ठरतो, त्यामुळे मनाने लिहिलेला नंबर बहुतेक वेळा चुकतो. पॅनच्या दहा अक्षरांत चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. पण ज्याला हे माहीत आहे तो हे जुळवून घेईल.

जुळवून घेता येत नाही ती क्यूआरमधली सही. आधारच्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो, आणि त्या सगळ्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. जुन्या टपालावरच्या लाखेच्या मोहरेसारखी ती आहे: आतलं एक अक्षर जरी बदललं तरी मोहर तुटलेली दिसते. आणि मोहर उमटवायचा शिक्का, म्हणजे प्राधिकरणाची गुप्त किल्ली, कुठल्याही एआयकडे नाही.

कासारवडवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे नवा भाडेकरू आला आहे, असं समजा. त्यांनी झेरॉक्स घेऊन फाइलला लावू नये. कार्डावरचा क्यूआर प्राधिकरणाच्याच अ‍ॅपने स्कॅन करावा. फोनमधला साधा स्कॅनर किंवा प्ले स्टोअरवरचं कुठलंही 'आधार चेक' अ‍ॅप चालणार नाही, कारण बनावट क्यूआरमध्ये लिंक दडवलेली असते आणि ती खऱ्यासारखं दिसणारं पान उघडते, 'व्हेरिफाइड' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं. मग सही वैध आहे असं आल्यावर अ‍ॅपमध्ये दिसणारा फोटो समोर उभ्या माणसाशी ताडून बघायचा. ही पायरी लोक हमखास गाळतात. भामटा दुसऱ्या कुणाचातरी खरा क्यूआर आपल्या फोटोशेजारी चिकटवतो. स्कॅन केल्यावर सही वैधच येते, पण फोटो आणि नाव निघतं वेगळंच. क्यूआर पुसट झालाय, स्कॅन होत नाही, असं उत्तर मिळालं तर त्याच्यासमोर त्याच्याच फोनवर ई-आधार उघडायला सांगा आणि तिथला क्यूआर स्कॅन करा. स्कॅन झालं की नाव, तारीख आणि 'पडताळणी झाली' एवढी नोंद पुरते. प्रत ठेवायचीच असेल तर मास्क्ड आधार घ्या, ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाडेकरूचं आधार टाकण्याची पद्धत आजच बंद करायला हवी.

अंगठा

आधारवर पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. काही राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून लोकांची खाती रिकामी केली गेली. याला उत्तर म्हणून प्राधिकरणाने २०२३ मध्ये एआयवर चालणारी तपासणी आणली. ती ठशातल्या रेषांच्या खुणा आणि बोटाचं पूर्ण चित्र दोन्ही बघून बोट जिवंत आहे का ते ठरवते.

तुमच्या हातात आहे ते बायोमेट्रिक लॉक. प्राधिकरणाच्या अ‍ॅपमध्ये किंवा माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ते लागतं. मग ठसा, डोळ्याची बुबुळं, चेहरा यांपैकी काहीच चालत नाही. गरज पडली की दहा मिनिटांपुरतं उघडता येतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं. अडचण कुठे येते? भाडेकराराच्या नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, सिमकार्ड घ्यायला गेलात, की यंत्र ३३० हा एरर कोड दाखवतं. लोक यंत्र बिघडलं समजून पाच-सहा वेळा बोट दाबत राहतात. ३३० म्हणजे लॉक लागलेलं आहे, बस. ज्या आजी-आजोबांचं रेशन अंगठ्यावर मिळतं आणि ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्यांचं लॉक लावण्याआधी मात्र विचार करा. त्यांच्यासाठी बँकेत अर्ज देऊन आधारवरून पैसे काढायची सोय तेवढी बंद करणं बरं. माय आधारवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं याची यादीही दिसते. ती महिन्यातून एकदा बघावी.

बँकेच्या बाजूची एआय

बँकेचं मॉडेल तुमची सवय शिकतं. पैसे कुणाला, किती वाजता, कुठल्या फोनवरून. टाइप करण्याचा वेग, फोन हातात धरण्याचा कोन. लाभार्थी नवीन, सिम दोन दिवसांपूर्वी बदललेलं, कॉल चालू असतानाच व्यवहार, स्क्रीन शेअर चालू: यातलं एकेक क्षुल्लक, एकत्र आलं की धोक्याची घंटा.

मग खरे व्यवहार का अडकतात? धरा, एका दिवसात १ लाख व्यवहार झाले आणि त्यातले १० खोटे आहेत. यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे. ती बहुधा दहाच्या दहा खोटे पकडेल, पण उरलेल्या ९९,९९० खऱ्या व्यवहारांपैकी १ टक्का, म्हणजे जवळपास १,००० व्यवहारही अडवेल. अडवलेल्या दर शंभरात खोटा एखादाच. रुग्णालयाच्या काउंटरवर कार्ड अडलं तर संताप होणं साहजिक आहे, पण ९९ टक्के अचूकतेचा अर्थ हाच असतो. मोठी रक्कम भरायची असेल तर लाभार्थी आदल्या दिवशी जोडून ठेवा, म्हणजे मॉडेलला तो नवा वाटणार नाही.

चोरलेले पैसे ज्या खात्यांतून फिरतात त्यांना म्यूल खाती म्हणतात. ती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर हे एआय साधन केलं आहे. नवं खातं, शिल्लक नगण्य, अचानक अनेक ठिकाणांहून पैसे आणि काही मिनिटांत सगळे बाहेर, अशा खुणा ते शोधतं. कॉलेजच्या मुलांना 'खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं सांगणारे भेटतात. मुलांना हे स्पष्ट सांगा की खातं ज्याच्या नावावर, पोलीस त्याच्याच दारी येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि ६६-डी या कलमांखाली ओळखचोरी आणि तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

पैसे गेलेच तर

संशयास्पद एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडली असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण ती फाइल तुमचे ओटीपी वाचत असते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करा. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक. १९३० वरची तक्रार पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे थेट पोचते आणि तिथे जेवढे उरलेत तेवढे गोठवले जातात. पुढच्या बँकेत सरकले असतील तर तक्रार तिकडे सरकते. पैसे पाच-सहा खात्यांतून झपाट्याने पळतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. लाइन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. त्यासाठी महाप्याला महाराष्ट्र सायबरच्या कार्यालयात धावायची गरज नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार घेणं त्यांचं काम आहे, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी. चॅट आणि कॉल लॉग पुसू नका, फोन रीसेट करू नका.

बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही भार येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीच्या वेळेची नोंद पैशाइतकी मोलाची.

पैसे गेले नसले तरी कागद बाहेर गेले असतील तर दोन ठिकाणी डोकावा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं, आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवला तर वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निवारण झालं नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.